तीस रात्री लांब

दुपारची जेवणं झाली, वीज गेली आणि आत्यानं विचारलं, "अरे, पोरगी चाललीय ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब म्हणायचं?" पुतणीचं जायचं ठरल्यापासून हा प्रश्न चौथ्यांदा. मी मोबाइलवर बघून सांगितलं, "मुंबईहून सरळ गेलं तर साडेतेरा हजार किलोमीटर." आत्यानं मान हलवली. काही कळलेलं नसलं की ती अशीच हलवते.

तिचं काय चुकलं? सोलापुरात किलोमीटर मोजतं कोण? तुळजापूर एसटीनं तासाभराचं, कोजागिरीला पायी निघालं तर अख्ख्या रात्रीचं. मुंबई म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधली एक झोप, तीही वरचा बर्थ मिळाला तर.

मी मात्र त्या 'सरळ'मध्ये अडकलो. सातवीत सरांनी मुंबई ते अमेरिकेचा पश्चिम किनारा हे अंतर काढून आणायला सांगितलं होतं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सगळ्यांनी रेघ ओढली: अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक. आमच्या घरात माग. आई कांड्या भरायची, त्यातलं चादरीचं लाल सूत माझ्या खिशात कायम असायचं. मी ते शाळेतल्या पृथ्वीगोलावर धरलं. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणलं. सूत आपोआप वर सरकलं! सैबेरिया, बर्फाचा समुद्र, अलास्का. आफ्रिका कुठल्या कुठं राहिली. गोल चांगला फूटभर रुंदीचा होता. सूत पट्टीवर मोजलं तर फुटापेक्षा बोटभर जास्त भरलं. सरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण परीक्षेत नकाशावरचंच लिही."

तेव्हा विमान आम्ही फक्त मान वर करून बघायचो. आता सोलापूरलाही विमान आलंय. त्यासाठी २०२३ साली साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली. ती पडताना बघायला निम्मं गाव लोटलं होतं. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. तरी मला अजून होटगी रोडनं जाताना आधी चिमणीच शोधावीशी वाटते. असो, मी सुताबद्दल काहीतरी सांगत होतो.

"आत्या, मुंबई साडेचारशे किलोमीटर. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को तीस सिद्धेश्वर. तीस रात्री."

"असं सांग की मग!"

विमान सरळ गेलं तर त्याला सोळा-सतराच तास लागतील, म्हणजे वेळेनं बघितलं तर दोनच सिद्धेश्वर, हे मी सांगणार होतो. पण आत्या तोवर बोटांवर मोजत स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती.

"तीस रात्री म्हणजे पोळ्या नकोत. कडक भाकरीच देऊ, महिनाभर काही होत नाही. आणि शेंगाचटणी जरा जास्त कुटते."