एवढे हाल सोसून पुन्हा लष्करात कशाला?

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पबद्दल बोलायला लागलं की कोल्हापुरातले लोक मला हमखास एक गोष्ट विचारतात. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. बाप आणि भाऊ सैन्यात होते हे समजतं, पण काही घरांतल्या तरण्या मुलीही लष्करात होत्या. सायबेरिया भोगून आलेल्या पोरींनी पुन्हा युद्धाच्या वाटेला कशाला जावं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

देशप्रेम होतंच, पण त्याआधी भाकरी होती. पूर्व पोलंड १९३९ मध्येच रशियानं बळकावला होता. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी तिथली कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीत उठवून मालगाड्यांत घातली आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. तिथं बायकांनी लाकडं तोडली, सामुदायिक शेतांवर राबल्या. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कुठं स्टालिनला पोलंड आठवला. जुलैत करार झाला, कैदी सुटले आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. आंदेर्सही तोवर मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातच होते.

खरी मेख पुढं आहे. शिधा मिळायचा तो सैनिकांना. भोवती जमलेल्या हजारो निर्वासितांना सैनिक आपल्या ताटातलं काढून देत. १९४२ मध्ये देश सोडायची परवानगी मिळाली तीही सैन्याला आणि त्याच्यासोबतच्या कुटुंबांना. महिलांच्या सहायक दलात नाव लागलं की शिधा मिळे आणि कास्पियन समुद्र ओलांडणाऱ्या बोटीत जागाही. मग वय वाढवून सांगणाऱ्या मुलींना खोटारडं कोण म्हणेल? वर्षभरात दोन खेपांत लाखाहून जास्त माणसं इराणात पोचली. त्याहून कितीतरी जास्त मागं राहिली.

इराणच्या पहलवी बंदरावर उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली. वर्दी आली ती पुरुषांच्या मापाची. बाह्या दुमडायच्या, ढगळ बूट ओढत चालायचं. टायफस आणि आमांशानं किती तरी जण सुटका झाल्यावरच गेले.

तिथून इराक, पॅलेस्टाईन असा प्रवास झाला आणि हळूहळू त्या खरोखरीच्या सैनिक झाल्या. कुणी नर्स, कुणी कारकून, कुणी टेलिफोनवर, कुणी कँटीनमध्ये. वयानं लहान मुलींसाठी नाझरेथमध्ये शाळा निघाली, म्हणजे गणवेशात अभ्यास. मला सर्वांत अप्रूप वाटतं ते ड्रायव्हर पोरींचं. वर्ष-दोन वर्षांपूर्वी बर्फात ओंडके ओढणाऱ्या मुली तीन टनी लष्करी ट्रक शिकल्या. १९४४ मध्ये आंदेर्स यांच्या सैन्यातून उभ्या राहिलेल्या पोलिश दुसऱ्या कोअरबरोबर, म्हणजे मोठ्या लष्करी तुकडीबरोबर, त्या इटलीत गेल्या आणि तिथल्या डोंगरी रस्त्यांवरून माल वाहू लागल्या. त्या बंदुका घेऊन मोंते कासिनोची टेकडी, जिथं या कोअरनं मोठी लढाई जिंकली, ती चढल्या असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. ते त्यांचं काम नव्हतं. या कोअरच्या सैनिकांनी पाळलेल्या वोयटेक अस्वलाची गोष्ट आता जगभर माहीत झाली आहे. या ड्रायव्हर पोरींचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

त्याच इटलीत, त्याच उन्हाळ्यात आपले मराठेही लढत होते. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ब्रिटनमधल्या पोलिश बायकांची गोष्ट थोडी निराळी आहे. पोलंडचे एकेकाळचे सर्वेसर्वा मार्शल पिउसुद्स्की यांची मुलगी याद्विगा तिथं हवाई दलाची विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवत असे. पण ती आधीच विमानविद्या शिकलेली, मोठ्या घरची. मी सांगतोय त्या पोरींच्या गाठीला काहीच नव्हतं.

१९४५ मध्ये युद्ध जिंकलं, पण याल्टाच्या बैठकीत दोस्त राष्ट्रांनी केलेल्या वाटपात यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. परत जाणार कुठं? बऱ्याच जणी ब्रिटनमध्ये राहिल्या, १९४७ च्या कायद्यानं त्यांना तिथं थारा मिळाला. आणि वळिवड्याचा कॅम्प उठू लागला तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाला पहिला प्रश्न हाच होता : घरातलं कुणी सैन्यात आहे का? असेल तर ब्रिटनची वाट उघडी होती. नसेल त्यांनी आफ्रिकेतल्या छावण्या, ऑस्ट्रेलिया, नाहीतर कम्युनिस्टांच्या हाती गेलेला पोलंड, जिथं सोय होईल तिथलं बघायचं.