पैसे भरून अस्वलांचे पिंजरे घासायला

"घरची लादी पुसायला बाई लागते, आणि तिकडे पैसे भरून अस्वलांचे पिंजरे घासणार?" सेपिलोकचं तिकीट काढलं तेव्हा ह्यांनी विचारलं. प्रश्नात तथ्य होतं. परदेशातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहायचं तर बहुतेक ठिकाणी पैसे आपणच भरायचे असतात. सगळी नोकरी बँकेत गेल्यामुळे मी पहिली ईमेल हीच केली, की या पैशांचं काय होतं. राहण्याजेवण्याचा खर्च वजा जाता बाकीचे अस्वलांच्या खाण्याला आणि औषधपाण्याला, असं उत्तर आलं. मला पटलं. ह्यांना अजूनही पटलेलं नाही.

सेपिलोक हे बोर्नियो बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, सांडाकान शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. मुलगा सिंगापूरला आहे, त्याच्याकडून पुढे गेले. विमान खाली यायला लागलं की आधी जंगल दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती ओळीत लावलेली पामची झाडं, नजर पोचेल तिथपर्यंत. आपल्याकडच्या फरसाणात नि बिस्किटांत जे पामतेल असतं ते बरंचसं इथून आणि शेजारच्या इंडोनेशियातून येतं. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपलाच. माझ्या पिशवीत चकल्यांची दोन पाकिटं होती. असो.

सेपिलोक प्रसिद्ध आहे ते ओरांगउटानसाठी. त्यांचं केंद्र १९६४ पासूनचं, पर्यटकांच्या बसगाड्या तिथेच थांबतात. त्याला लागून अस्वलांचं केंद्र आहे, बोर्नियन सन बेअर कन्झर्व्हेशन सेंटर. वाँग स्यू ते या मलेशियन जीवशास्त्रज्ञांनी ते २००८ साली सुरू केलं. सन बेअर ही जगातली सगळ्यात लहान जातीची अस्वलं. काळीभोर, आखूड केसांची, छातीवर पिवळसर चंद्रकोर. प्रत्येकाची कोर वेगळी, कुणाची अर्धवट, कुणाची ठिपक्यांची; कीपर मंडळी त्यावरून लांबूनच नाव सांगतात. आपल्याकडे ईशान्येच्या जंगलांतही ही अस्वलं आहेत, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

केंद्रातल्या बहुतेक अस्वलांची कथा सारखीच. जंगल तोडताना किंवा शिकारीत आई मेली, पिल्लू गोजिरवाणं म्हणून कुणी घरी नेलं, मोठं झाल्यावर आवरेना म्हणून पिंजऱ्यात टाकलं. साबात १९९७ च्या कायद्यानं हे अस्वल मारायलाही बंदी आहे आणि पाळायलाही. तरी पित्तासाठी मारतात. त्या पित्तातलं औषधी द्रव्य, अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड, कारखान्यात तयार होतं, त्याची गोळी आपल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळते. ह्यांना डॉक्टरांनी लिहून दिली होती. त्यात अस्वलाचा काही संबंध नव्हता.

आपण तरी कुठे वेगळे होतो म्हणा. माझ्या लहानपणी संगमेश्वरला दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली, डमरू वाजला की ते मागच्या पायांवर उभं राहायचं, आम्ही टाळ्या पिटायचो. धाकट्या भावाच्या गळ्यात आईनं त्याच अस्वलाच्या केसांचा ताईत बांधला होता, भीती वाटू नये म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही ते खेळ कितीतरी वर्षं चालू होते. त्या नाकाला भोक तापल्या सळईनं पाडतात, हे पुष्कळ उशिरा वाचनात आलं.

कामाचं सांगते. सकाळ मुदपाकखान्यात. केळी, पपई, रताळी, कणसं, काकड्या यांचे ढीग चिरायचे, वजन करायचं, प्रत्येक अस्वलाच्या नावाच्या बादलीत टाकायचं. जोडीला भाताची पेज. मी कोकणातली, पेजेचं मोठं पातेलं ढवळायला लागल्यावर तिथल्या मुलींनी जागाच सोडली. मग रात्रीच्या खोल्या घासायच्या: विष्ठा उचलायची, पाण्याचा फवारा, खराटा, पुन्हा फवारा. अस्वलं तोवर विजेच्या कुंपणाआडच्या जंगलात सोडलेली असतात. बोर्नियोच्या दमट हवेत गमबूट घालून खराटा मारला की अकरा वाजेपर्यंत पदर पिळावा इतका घाम. मी पँट-टीशर्टमध्ये होते, पण कल्पना यावी. तिकडेही सगळे 'आन्टी'च म्हणत. "आन्टी, बसा जरा."

अस्वलाला हात लावायचा नाही. जाळीतून बोटसुद्धा आत घालायचं नाही, लाडानं हाक मारायची नाही. पहिल्यांदा हे जरा लागलंच. एवढ्या लांबून येऊन लांबूनच बघायचं? माझ्याबरोबरची ऑस्ट्रेलियातली मुलगी तर रुसलीच. पण पाळीव म्हणून वाढलेलं अस्वल माणूस दिसला की खाऊ मागत जवळ येतं. असं अस्वल पुन्हा जंगलात सोडलं तर ते वस्तीकडेच जाणार, आणि तिथे त्याची गाठ बंदुकीशी. म्हणून माझा जीव त्यांच्यावर जडला तर ठीक, त्यांचा माझ्यावर जडता कामा नये.

दुपारी मला सगळ्यात आवडलेलं काम असायचं. ओंडक्याला ड्रिलनं भोकं पाडायची, काही उथळ, काही खोल, आत मध नाहीतर पीनट बटर भरायचं आणि केळीच्या पानाचा बोळा ठोकून बसवायचा. एक म्हातारी मादी होती. तीन पावलं पुढे, मानेला झटका, वळण, तीन पावलं मागे, तासन् तास. जंगल समोर उघडं असताना ही बाई तीनच पावलं का चालते? कीपर म्हणाला, आधी होती तो पिंजरा तेवढाच होता. मी केलेला ओंडका तिच्यापुढे आला. तिनं आधी लांबून वास घेतला. मग आत वळलेल्या पायांनी डुलत आली, कोयत्यासारख्या नखांनी बोळा उपटला आणि जीभ आत. या अस्वलाची जीभ वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब असते, भोकात जातच राहते. एक भोक मी मुद्दाम जास्त खोल केलं होतं. तिथे जीभ पुरेना. तिनं सुळे रुतवले आणि लाकूडच फोडायला घेतलं, ढलप्या उडत होत्या. माझी अख्खी दुपार तिनं अर्ध्या तासात भुगा केली. त्या अर्ध्या तासात ती तीन पावलं एकदाही चालली नाही.

पिल्लांना कीपर रोज जंगलात फिरायला नेतात. झाडावर चढायचं, वाळवी उकरायची, ही शाळा एरवी आई घेते. २०१५ मध्ये नताली नावाच्या मादीला गळ्यात सॅटेलाइट कॉलर घालून हेलिकॉप्टरनं ताबीनच्या अभयारण्यात नेऊन सोडलं. इथून परत गेलेली ती पहिली. म्हाताऱ्या अस्वलांना हे जमणारं नाही. ती इथेच राहतील, त्यांना ओंडके लागत राहतील.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. जाहिरातीत स्वयंसेवक पिल्लाला कुशीत घेऊन बाटलीनं दूध पाजताना दिसला, तर तिथे पैसे भरू नका. दक्षिण आफ्रिकेत अशाच कुरवाळलेल्या सिंहाच्या छाव्यांना मोठं करून कुंपणातल्या शिकारीसाठी विकल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. सेपिलोकला जळवा आहेत, आपल्या सह्याद्रीइतक्याच निर्लज्ज. लांब मोजे न्या. मासे-भात मुबलक, शाकाहारी असाल तर लोणचं बरोबर ठेवा. आणि डिसेंबर-जानेवारी टाळा, तिकडचा मोठा पाऊस तेव्हाच असतो आणि गमबूट काही केल्या वाळत नाहीत.