तुम्ही विचारलंत म्हणून: तांदळाविना पातोळ्या

श्रावण जवळ आला, हळदीच्या पानात वाफवायच्या गोड पातोळ्यांचे दिवस आले, की ओळखीच्या बायका मला हमखास विचारतात, ‘तुमच्याकडे तांदूळ-गहू बंद आहेत म्हणे, मग पातोळ्या कशाच्या करता, आणि त्या प्रकृतीला खरोखरच बऱ्या असतात का?’ दर वेळी उभ्या उभ्या अर्धेच उत्तर देऊन होते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात हा बदल सासूबाईंच्या मधुमेहामुळे आला. डॉक्टरांनी भात कमी करा असे सांगितले होते, बंद करा असे नव्हे. परंतु सासूबाईंचे म्हणणे असे की पानात वाढलेला भात मोजून खाणे त्यांना या जन्मी जमायचे नाही, त्यापेक्षा तो नसलेलाच बरा. त्यांची गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलली, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी धान्य सोडले तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना तांदूळ आणि नाचणी चालतात, सगळी धान्ये सोडण्याचे कारण नसते. मात्र बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, तेवढे त्यांनी डबीवर वाचून घ्यावे.

धान्य म्हणजे काय, याबद्दलही बराच घोटाळा आढळतो. तांदूळ, गहू, ज्वारी, मका, नाचणी ही सगळी गवताच्या कुळातली, आणि वऱ्याचे तांदूळसुद्धा त्यातलेच. ते उपवासाला चालतात म्हणून ते धान्य नव्हे, असे मानण्यात अर्थ नाही. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि कंद त्या कुळाबाहेरचे. पण बाहेरचे म्हणजे हलके असेही नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमांहून अधिक पिष्ट असते आणि प्रथिने जवळजवळ नसतातच, म्हणजे साखरेच्या दृष्टीने त्याची खिचडी भातापेक्षा उजवी ठरत नाही. सुरुवातीला मीही ही चूक केली. भात गेला म्हणून सासूबाईंना रोज साबुदाण्याचे काहीतरी करून घातले, आणि महिन्याने तपासणीचे आकडे पाहून मला वाईट वाटले.

त्यानंतर मी प्रत्येक पदार्थाकडे वेगळ्या तऱ्हेने पाहू लागले. या पदार्थात धान्य नेमके कोणते काम करते, हे आधी ठरवायचे आणि मग त्या कामाला दुसरे काय लावता येईल ते शोधायचे. तळलेल्या बांगड्यावर रवा असतो तो केवळ कुरकुरीतपणासाठी, चव तर आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, मीठ आणि मिरचीची असते. म्हणून चण्याची डाळ रव्याइतकी भरड दळून त्यात बांगडा घोळवला तरी काही बिघडत नाही, फक्त आच थोडी मंद ठेवावी लागते, कारण डाळ लवकर करपते. पोळ्यांत, म्हणजे आमच्या डोशांत, तांदूळ भरीला असतो. तिथे सालीचे मूग रात्रभर भिजवून, आले, मिरची आणि मूठभर ओले खोबरे घालून वाटले की बिडाच्या तव्यावर सुरेख पोळे सुटतात, पीठ आंबवण्याचीही गरज पडत नाही, आणि मुगात वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिने असल्यामुळे दोन पोळ्यांत पोट भरते.

पातोळीचे काम सर्वांत अवघड होते. तिचा प्राण म्हणजे हळदीच्या पानाचा वास आणि आतले नारळ-गुळाचे चून. तांदळाचे पीठ फक्त पानावर पातळ पसरायचे, वाफेत धरायचे आणि पानापासून अलगद सुटायचे. पहिल्या वर्षी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कणगी हा कंद आणून, उकडून, कुस्करून पानांवर थापली. चव वाईट नव्हती, पण पान सोडवताना अर्धे आवरण पानालाच राहिले, आणि पातोळीवर पानाच्या शिरांचा जो ठसा उमटतो तो उमटलाच नाही. सासूबाईंनी ताटलीतली पातोळी उलटून पाहिली आणि काही न बोलता खाल्ली. त्यांचे ते न बोलणे माझ्या मनाला लागून राहिले.

आता मी दोन वाट्या शिंगाड्याच्या पिठाला एक वाटी तवकील (आरारूट) घेते. त्यात नारळाचा पातळ रस आणि चिमूटभर मीठ घालून पीठ इतके सैल करते की बोटाने ओढल्यावर पानावर त्याचा पातळ थर बसावा. पानाची गुळगुळीत बाजू नव्हे, तर शिरा उठून दिसणारी बाजू वर ठेवते, मध्ये चून घालते, लांबीत दुमडते आणि मोदकपात्रात वीस मिनिटे वाफवते. पुढची पायरी उतावळेपणाने बिघडते. पात्रातून काढल्या काढल्या पान ओढले तर तवकिलाचे आवरण चिकट असल्यामुळे फाटते. दहा मिनिटे थांबले की ते घट्ट होते आणि पान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ निघून येते. रंग तांदळासारखा पांढराशुभ्र न येता किंचित मातकट येतो. ठसा मात्र शिरा मोजता येतील इतका स्पष्ट उमटतो.

प्रकृतीला बऱ्या का, याचे उत्तर असे की केवळ पीठ बदलल्याने त्या बऱ्या होत नाहीत. शिंगाडा आणि तवकील हेही पिष्टच आहेत, आणि गूळ ही शेवटी साखरच. म्हणून मी गूळ निम्म्याने कमी करते, नारळ वाढवते, आणि नागपंचमीला सासूबाईंना जेवणानंतर नव्हे तर जेवणाच्या जागी दोन पातोळ्या आणि वाटीभर अळसांद्यांची (चवळीची) उसळ देते. नीरफणसाच्या कापांनाही हाच हिशेब लागू आहे. बिबिंकेत, म्हणजे आमच्याकडच्या थरांच्या गोड केकमध्ये, मैदा काढून काजूचे पीठ घालणे सोपे आहे, कारण तिला धरून ठेवण्याचे मोठे काम अंड्यांचे बलक करतात. परंतु साखर आणि तूप होते तिथेच राहतात, त्यामुळे तिला पौष्टिक म्हणणे मला पटत नाही.

खरे तर बदल करायला बसण्यापूर्वी आपल्याच स्वयंपाकघरात पाहावे. खतखते या मिश्र भाजीत मक्याचे कणीस घातले नाही तर धान्याचा कण नसतो. त्यात भाज्या, कंद, तूरडाळ, नारळ आणि तेफळे असतात. मणगणे या खिरीत चण्याची डाळ मुख्य, त्यातला साबुदाणा मी अगदी चमचाभर ठेवते. हे पदार्थ आमच्याकडे सणापुरते होत असत, आता खतखते आठवड्यातून एकदा होते आणि कोणाला ते पथ्याचे वाटत नाही.

एका गोष्टीला मात्र मला पर्याय सापडला नाही. हुमणाबरोबर, म्हणजे माशांच्या आमटीबरोबर, फुलकोबी किसून, वाफवून, भातासारखी वाढून पाहिली. सासूबाई म्हणाल्या, “भाजी चांगली झाली आहे गं, पण तिला भात म्हणू नकोस.” तेव्हापासून आमच्याकडे हुमण खोल वाटीत घेतात आणि चमच्याने खातात, बाजूला तांबडी भाजी असते, आणि ज्या जागी भात वाढला जायचा, पानातली ती जागा आम्ही मोकळीच ठेवतो.