पांढऱ्या रेशनकार्डावरची अँजिओप्लास्टी: माझा अनुभव

सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेला आमच्या सोलापुरात लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. २०१२ मध्ये ती योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आम्ही होतो. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, म्हणून आम्ही पांढरे कार्डवाले त्या वाटेला कधी गेलोच नाही. २०२३ मध्ये सरकारनं सगळ्याच रेशनकार्डधारकांना ती लागू करायचं ठरवलं, उपचारांची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची पाच लाख केली. अंमल सुरू झाला जुलै २०२४ ला.

सासूबाईंना अँजिओप्लास्टी सांगितली, तेव्हा मी त्यांचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे, गेले. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. “ताई, कार्ड ऑनलाइन दिसत नाही. बारा अंकी नंबर लागेल.”

कुठून दिसणार? पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं कपाटात पडून. गरज लागायची ती झेरॉक्सपुरती. कार्ड सासऱ्यांच्या नावावर, ते वारून बराच काळ झाला. माझं नाव लग्नानंतर त्यात चढलेलंच नाही. योजना सगळ्यांना खुली झाली, पण ज्या कागदावर ती उभी आहे तो कोणी अद्ययावत करायचा, हे कोणी बघितलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पुरवठा शाखा. मृत्यूचा दाखला, सगळ्यांची आधार, अर्ज. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. डॉक्टर म्हणाले होते की थोडं थांबता येईल, म्हणून जीव भांड्यात होता; तातडीची केस असती तर आधी दाखल करून कागद मागून देता येतात, हे आरोग्यमित्रानंच सांगितलं. शेवटी सासूबाई कुटुंबप्रमुख झाल्या आणि नंबर आला.

त्यानंतरचं काम सरळ. डॉक्टरांनी रिपोर्ट अपलोड केले, मंजुरी आली. मध्येच काउंटरवर डिपॉझिट मागितलं. मी तिथेच उभी राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावला, तर तो विषय पुन्हा निघाला नाही. स्टेंट, जेवण, डिस्चार्जनंतरची दहा दिवसांची औषधं, सगळं त्यातच.

दिरानं आता स्वतःचं कार्ड काढलंय. त्याच्या धाकट्याचं नाव अजून चढायचंय.