सिनर चोक झाला म्हणणाऱ्यांसाठी

२०२५ च्या फ्रेंच ओपन टेनिसच्या सिनर-अल्काराझ फायनलचे हायलाइट्स परवा परत बघितले आणि परत तोच वाद. आमच्या सोलापुरातल्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, सिनर चोक झाला, म्हणजे दडपणाखाली हातातली मॅच घालवली. मला नाही पटत.

त्या रविवारी, ८ जूनला, होटगी रोडला मित्राच्या घरी जमलो होतो. मॅच आपल्याकडच्या संध्याकाळी सुरू झाली, सिनरने पहिले दोन सेट घेतले आणि आमच्यातला एकजण "जाऊ दे बे, संपली मॅच" म्हणत गाडीला किक मारून गेला. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसलो. काकू दोनदा डोकावून गेल्या, "अजून संपलं नाही का रे तुमचं?"

संपतंय कुठलं! चौथ्या सेटला सिनर ५-३, अल्काराझची सर्व्हिस, ०-४०, म्हणजे सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट्स (एक जरी घेतला की कप त्याचा), आणि सिनर फायनलपर्यंत एकही सेट न हरता आलेला, तरी ते तिन्ही गेले, मग ५-४ ला स्वतःच्या सर्व्हिसची गेमपण गेली. पण क्ले कोर्ट आहे ओ ते. वर विटांचा चुरा पसरलेला असतो, टप्पा पडला की बॉल स्लो होतो आणि वर उसळतो, समोरच्याला पळायला वेळ मिळतो, हार्ड कोर्टवर जो सरळ विनर गेला असता तो इथं परत येतो आणि सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट फार मिळत नाहीत. त्यात समोर अल्काराझ. असल्या ठिकाणी लीड टिकवणं म्हणजे ओल्या साबणाची वडी धरणं.

आणि पाचव्या सेटला ५-४ ला अल्काराझ मॅचसाठी सर्व्ह करत होता तेव्हा सिनरने ब्रेक केलंच की, म्हणजे त्याच्या सर्व्हिसवरची गेम घेतली! मग अल्काराझपण चोक झाला का? ते कोणी बोलत नाही. (जिंकणाऱ्याचं सगळं माफ असतं म्हणा.) शेवटी सेट बरोबरीत, म्हणून टायब्रेक, तो १०-२, तिथं मात्र अल्काराझने पार धुतलं. ५ तास २९ मिनिटं. आधीची सगळ्यात लांब फ्रेंच फायनल १९८२ ची, विलँडर आणि विलासची, ४ तास ४२ मिनिटांची.

पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलला परत हेच दोघं. गवतावर सिनर पहिला सेट हरला, पुढचे तिन्ही ६-४ घेतले आणि शेवटची गेम स्वतःच्याच सर्व्हिसवर संपवली.