तुम्ही विचारलंत म्हणून: साइड स्कर्ट कुठले लावले आणि ते घासत नाहीत का?

चिपळूणात पेट्रोल पंपावर थांबलो की हमखास कुणीतरी खाली वाकून बघतं आणि विचारतं, "साइड स्कर्ट कुठले लावलेत? घासत नाहीत का?" साइड स्कर्ट म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना दारांखाली लावायची शोभेची पट्टी. माझी स्विफ्ट आहे आणि तिला लावलेला हा दुसरा जोड. पहिला जोड मी दिसण्यावर भाळून घेतला होता, म्हणून तिथूनच सांगतो.

तो फायबरचा होता. फायबर म्हणजे काचतंतू आणि रेझिन. ते हाताने थर देऊन बनवतात, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी येत नाही आणि पेंटरला पुटी भरत, घासत बसावं लागतं. फुटलं तर सांधता येतं हे खरं, पण ठोकर बसली की ते वाकत नाही, तडकतं. माझा डावा स्कर्ट एका वाडीतल्या गतिरोधकावर मधोमध तडकला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. वाडीत मात्र काँक्रीटचा अरुंद, उभा उंचवटा असतो. पुढची चाकं तो ओलांडून उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि उंचवटा नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. स्कर्टची जागाही तीच.

म्हणून कंपनीने छापलेल्या १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सवर विसंबू नका. ते माप रिकाम्या गाडीचं असतं, आणि तेही तळाच्या सगळ्यात खालच्या भागापासूनचं. तुम्हाला हवी ती रनिंग बोर्डची, म्हणजे दाराखालच्या पत्र्याची उंची. घरच्या चौघांना गाडीत बसवा, डिकीत सामान टाका आणि मग टेप लावा. माझ्या गाडीला ते १८ सेंटिमीटर भरलं. मी घेतलेला स्कर्ट त्याखाली अडीच सेंटिमीटर उतरतो. याहून खाली उतरणारा कितीही देखणा असला तरी मी घेणार नाही.

तडा परवडला, पण खरं नुकसान आत झालं होतं. पहिल्या फिटरने रनिंग बोर्डला ड्रिल मारून प्रत्येक बाजूला सहा स्क्रू पिळले होते. दीड वर्षाने स्कर्ट काढला तेव्हा आतून ओंजळभर तांबडा चिखल पडला, अजून ओला. मूळ पत्र्याला पाणी निथळायला खालून बारीक भोकं असतात, ती स्कर्टच्या कडेने बुजली होती. आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा गंज. बोट लावलं तर पापुद्रा सुटून आला. आमच्याकडच्या पावसात उघडा पत्रा टिकत नाही. रनिंग बोर्ड हा सांगाड्याचा भाग आहे, बंपरसारखा बदलून टाकता येत नाही. तेव्हा कळकळीने सांगतो, त्याला ड्रिल मारू देऊ नका.

दुसरा जोड एबीएस प्लास्टिकचा घेतला. हलका असतो आणि थोडा लवतो. रंगवायच्या आधी तो कोरा गाडीला धरून बघितला. मागच्या चाकाच्या कमानीपाशी तीन-चार मिलिमीटरची फट होती, ती हीट गनने गरम करून जुळवली. रंग दिल्यावर हे करता येत नाही. मग प्लास्टिक प्रायमर, रंग आणि आठवडाभर वाळवण. ओल्या रंगावर टेप चिकटवली तर टेपेबरोबर रंगच सुटून येतो.

टेप फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, गाड्यांसाठीचीच हवी. पत्रा शाम्पूने धुऊन पुरत नाही, मेणाचा थर राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, एकाच दिशेने. लावल्यावर २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. मी तीन दिवस गाडी धुतली नाही, पावसात काढली नाही. ही कामं मे महिन्यात उरकावीत.

स्कर्टने ॲव्हरेज वाढतं का, असंही विचारतात. नाही वाढत. १९७८ च्या लोटस ७९ या शर्यतीच्या गाडीचे स्कर्ट रस्त्याला टेकून सरकायचे, म्हणून गाडीखालचा कमी दाब टिकायचा आणि गाडी रस्त्याला घट्ट धरून राहायची. तसले सरकते स्कर्ट फॉर्म्युला वनने १९८१ पासून बंद केले. आपल्या स्कर्टखाली पंधरा-सोळा सेंटिमीटर मोकळी जागा असते, तिथे फरक फक्त दिसण्यात. मला ते दिसणं आवडतं, एवढं कारण पुरे आहे.

स्कर्ट लावल्याचं विमा कंपनीला मात्र लेखी कळवा.

आणि पैसे देण्याआधी फिटरला तुमच्याच डिकीतला जॅक काढून गाडी उचलायला सांगा, दोन्ही बाजूंनी, पुढे आणि मागे. जॅक लावायच्या खाचा स्कर्टखाली झाकल्या असतील तर तिथल्या तिथे कळेल. माझ्या उजव्या बाजूची मागची खाच अर्धी झाकली होती. फिटरने स्कर्ट उतरवला, बोटभर कड कापली, नवी टेप लावली आणि पुन्हा बसवला.