पोटातली गुरगुर

टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डवर कायमची दाटी, आणि त्यात सगळ्यांत ऐसपैस बसलेला तो स्पीकरचा अडॅप्टर. शेजारचं सॉकेटही दाबून बसायचा. स्पीकर बंद असले तरी झोपलेल्या मांजरासारखा कोमट. एके दिवशी त्याच्या अंगावरचा मजकूर वाचला: १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअर. म्हटलं, संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात) १२ व्होल्ट आयते पडलेत, मग हा पाहुणा कशाला पोसायचा?

एसएमपीएसचा चार पिनांचा मोलेक्स, म्हणजे वीज देणारा कनेक्टर, बाहेर काढला. पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. स्पीकरच्या पॉवर जॅकचा प्लस कुठला आणि मायनस कुठला ते मीटरने दोनदा पाहिलं. पिवळीत १ अँपिअरचा फ्यूज टाकला, कारण एसएमपीएसचा हात फार मोकळा. शॉर्ट झालं तर वायर जाळेल इतका करंट तो सहज देतो. (अडॅप्टरवर ‘एसी’ लिहिलेलं असेल तर हा हिशेब जुळत नाही, आणि ९ व्होल्ट असेल तर मध्ये १२ चे ९ करणारा ७८०९ रेग्युलेटर हवा.)

संगणकाबरोबर स्पीकर चालू, संगणकाबरोबर बंद. काय ऐट! मग गाणं संपलं आणि त्या शांततेत ऐकू आलं: किर्रर्र. माउस हलवला की चिर्र. पान सरकवलं की खरखर. मोठी फाइल कॉपी करायला घेतली तर चक्क गुरगुर, पोटात कावळे ओरडत असावेत तशी.

आधी संशय १२ व्होल्टवर. तो गुळगुळीत करायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. ढिम्म फरक नाही. मग ऑडिओची पिन संगणकातून उपटून फोनला लावली, आणि आवाज स्वच्छ! म्हणजे चोर ग्राउंडमध्ये होता. स्पीकरचं ग्राउंड आता संगणकाला दोन वाटांनी जोडलेलं: एक काळी वायर, दुसरी ऑडिओ केबलची जाळी. संगणकातला करंट परतताना त्या वाटांवर काही मिलिव्होल्टचा फरक पाडतो आणि अँप्लिफायर बिचारा त्यालाच गाणं समजून मोठं करतो. अडॅप्टरमधला ट्रान्सफॉर्मर ही दुसरी वाट बंद ठेवत होता. कोमट असला तरी कामाचा होता म्हणायचा.

शेवटी ऑडिओच्या वायरीत एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याला तांबं लागत नाही. गुरगुर गेली, खर्जही जरासा गेला, पण या टीचभर स्पीकरांत तो होता तरी किती!

रात्री मोठं काहीतरी कॉपी करायला लावलं की मात्र मी तो ट्रान्सफॉर्मर काढून ठेवतो आणि पलीकडच्या खोलीत वाचत पडतो. गुरगुर थांबली की उठायचं, झालं कॉपी.